मलाच का ऐकू येतं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात 26 जानेवारी 2026 रोजी केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे. बोलताना विसरलेलं इथे घातलं आहे आणि उगाच बोललेलं काढलं आहे.)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'सोसायटीची पंचवीस वर्षं'. मी बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस, त्यामुळे वेळ पाळीन. विषय मात्र थोडा बदलणार आहे. मी माझ्या गाडीबद्दल बोलणार आहे. सोसायटी शेवटी येईल, ती वाट चुकणार नाही.

गेल्या गुढीपाडव्याला आमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आली हे तुम्हाला माहीत आहे, कारण पेढे सगळ्यांनी खाल्ले आहेत. चार्जिंग पॉइंटला एनओसी द्यायला कमिटीने तीन मीटिंगा घेतल्या, हेही माहीत आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मी सेक्रेटरी असतो तर चार घेतल्या असत्या.

गाडी सुंदर. बटण दाबलं की चालू झाली की नाही हेच कळत नाही. पहिले आठ दिवस मी दोनदोनदा बटण दाबत होतो. जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन म्हणजे घरातल्या कर्त्या माणसासारखं होतं. ते सतत बोलत असायचं, आणि त्याच्या बोलण्याखाली बाकीच्यांचं कुणाचं काही ऐकू यायचं नाही. इलेक्ट्रिक गाडीत ते इंजिनच नाही. मग एकेक जण बोलायला लागतो.

पहिल्या महिन्यात मी इतके आवाज ऐकले की मला वाटलं, गाडी नव्हे, भाडेकरू आणलाय. बटण दाबलं की खालून 'टक'. गाडी बंद करून लिफ्टपाशी पोचलो तरी मागे पंखा घोंघावतोय. एसी बंद केला की डॅशबोर्डच्या आत साप फुसकारल्यासारखं. उन्हातून आणून बेसमेंटमध्ये लावली की थोड्या वेळाने आपोआप कट्‌कट् वाजायचं. नातू म्हणाला, आबा, गाडीत भूत आहे.

आता बँकेच्या माणसाला न जुळणारी गोष्ट झोप येऊ देत नाही. मी 1974 ला नोकरीला लागलो तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, जाडजूड लेजर होती. महिन्याच्या शेवटी सगळ्या खात्यांच्या बाकीची बेरीज जनरल लेजरशी जुळवायची. दहा पैशांचा फरक आला तरी रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसायचं. स्वतःच्या खिशातून दहा पैसे टाकून घरी जायची सोय नव्हती, कारण दहा पैशांच्या फरकामागे दहा हजारांच्या दोन चुका लपलेल्या असू शकतात. आमचे तेव्हाचे हेडक्लार्क सांगायचे, फरकाला 9 ने भाग जातोय का बघा. जात असेल तर कुणीतरी 54 च्या जागी 45 लिहिलेत. फरकाच्या निम्मी रक्कम शोधा, म्हणजे जमेची नोंद नावे पडली असेल तर सापडेल. फरकाला स्वतःची एक चाल असते, ती ओळखायची.

तसंच मी केलं. एक वही केली. रकाने आखले : तारीख, वेळ, वेग, रस्ता, एसी चालू की बंद, ऊन किती. आणि विचारत, वाचत एकेक आवाज निकालात काढला.

खालचा 'टक' म्हणजे मोठ्या बॅटरीचा प्रवाह जोडणारा आणि तोडणारा स्विच, त्याला कॉन्टॅक्टर म्हणतात. तो वाजला नाही तर काळजी करायची. बंद गाडीतला पंखा आणि पंप म्हणजे तापलेली यंत्रणा थंड होतेय. फास्ट चार्जिंगच्या वेळी तर बॅटरी थंड ठेवायला एसीचा कॉम्प्रेसरसुद्धा चालू होतो, तेव्हा उभी गाडी धापा टाकतेय असं वाटतं. फुसकारणारा साप म्हणजे एसीच्या नळीतला वायू, दाब कमी होताना आवाज करतो. बेसमेंटमधलं कट्‌कट् म्हणजे उन्हाने फुगलेलं प्लास्टिक निवताना आक्रसतं ते. आपल्या लहानपणी दुपारी तापलेले पत्रे संध्याकाळी वाजायचे, तेच हे. हायवेवर येणारा घूं म्हणजे टायर. बॅटरीमुळे ही गाडी वजनाला भारी, आणि खडबडीत डांबरावर टायर ओरडतातच. पूर्वी ते इंजिनाखाली दबत होतं.

म्हणजे यातला कुठलाच आवाज बिघाड नव्हता. हे शास्त्र एवढं मोठं आहे की पुण्याच्या एआरएआयमध्ये, जिथे गाड्यांच्या चाचण्या होतात, तिथे गाडीतला आवाज आणि थरथर तपासायला वेगळी प्रयोगशाळा आहे. हे मला आधी माहीत असतं तर नातवाला भुताबद्दल सहा महिने वेगवेगळी उत्तरं द्यावी लागली नसती.

इथे एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती आपल्या मुलांच्या कामाची आहे. गाडी आतून शांत तशी बाहेरूनही शांत. मे महिन्यात मी गेटमधून आत येत होतो आणि आपली पोरं क्रिकेट खेळत होती. बॉलमागे धावणाऱ्या पोराला गाडी आल्याचं कळलंच नाही. माझा वेग कमी होता म्हणून निभावलं. युरोपात 2021 पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला हळू चालताना मुद्दाम आवाज करावा लागतो, तसा कायदाच आहे. आपल्या केंद्र सरकारनेही 2025 मध्ये तशा नियमाचा मसुदा काढला. तो लागू होईल तेव्हा होईल, तोवर आवारात आपली गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने आणायची आणि पोरांना मागे वळून बघायला शिकवायचं.

तर वहीतले सगळे आवाज जुळले. एक सोडून.

मागून डावीकडून 'टुक… टुक-टुक'. कुणीतरी बोटाच्या पेराने दार वाजवावं तसा. खराब रस्त्यावर, तीस ते पन्नासच्या वेगात. एसीशी संबंध नाही, उन्हाशी नाही. एक्केचाळीस नोंदी झाल्या तरी पत्ता लागेना.

सर्व्हिस सेंटरला नेली. दोन तरुण तंत्रज्ञ आले. एक चालवायला बसला, दुसरा आवाज येतो तिथेच, मागे डावीकडे, कान लावून. चक्कर मारून आले. 'साहेब, काही आवाज नाही.' जॉबकार्डवर लिहिलं, दोष आढळला नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा नेली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, 'ईव्ही आहे ना काका, फार शांत असते, म्हणून काहीही जाणवतं.' खोटं नव्हतं ते. पण ते उत्तरही नव्हतं.

घरी तर अजून कठीण. मुलगा, सून, नातू, आमच्या सौभाग्यवती, सगळे मिळून निघालो की आवाज नाही. मी एकटा भाजीला किंवा पेन्शनरांच्या मीटिंगला गेलो की आवाज हजर. शेवटी एक दिवस मुलगा अगदी हळू आवाजात म्हणाला, 'पप्पा, एकदा कान तपासून घेऊ या का?'

मंडळी, त्र्याहत्तराव्या वर्षी हे वाक्य कसं लागतं ते इथल्या माझ्या बरोबरीच्यांना सांगायला नको. तो प्रेमाने म्हणाला, हे मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून आवाज आला की मी आधी गाडीवर नाही, स्वतःवर संशय घ्यायला लागलो. गाडी थांबवून कानात बोट घालून बघायचो, आवाज आतला की बाहेरचा. वहीत लिहायचं बंद केलं. आवाजाबद्दल घरी बोलायचंही बंद केलं.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावला. आलेख दाखवला, त्यात उजवीकडे रेघ घसरगुंडीसारखी खाली गेलेली. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे बारीक, उंच आवाज तुम्हाला कमी येतात. मग मला उलगडा झाला. गाडीचा वेग कमी होताना मोटरची एक बारीक शिट्टी वाजते असं नातू नेहमी सांगायचा, आणि मी त्याला 'काहीतरीच' म्हणायचो. ती शिट्टी होती, मला येत नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं, आणि माझं टुक-टुक? ते म्हणाले, ठोकल्याचा आवाज खालच्या पट्टीतला असतो, तिथे तुमचे कान ठीक आहेत. तुम्ही म्हणता आवाज येतो, तर येत असेल.

'येत असेल.' दोन शब्द. फी वसूल झाली.

आता सारंगखेडा. माझं गाव. इथे निम्म्या लोकांना ते घोडेबाजारामुळे माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी : नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, तापीच्या काठावर. एकमुखी दत्ताचं देऊळ, आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला यात्रा. यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, राजस्थान, गुजरात, पंजाबकडून घोडे येतात. अलीकडे चेतक फेस्टिव्हल म्हणतात. आम्हाला ती यात्राच.

4 डिसेंबरला दत्तजयंती होती. आदल्या दिवशी नाशिकहून निघालो. मुलगा चालवत होता, मी पुढे, मागे डावीकडे सौभाग्यवती पाय लांब करून, कारण गुडघे, आणि उजवीकडे नातू. राहुड घाट, मालेगाव, धुळ्याला चार्जिंग आणि चहा, सोनगीरवरून दोंडाईचा, तापीचा पूल. साधारण सव्वादोनशे किलोमीटर. टुक म्हणून झालं नाही. मुलगा काही बोलला नाही, पण त्याचं न बोलणं मला ऐकू येत होतं.

रात्री गावच्या घरी साध्या पंधरा अँपिअरच्या प्लगला गाडी लावली. दुसऱ्या दिवशी दर्शन झालं. दुपारी घरचे सगळे झोपले आणि मी एकटाच गाडी घेऊन बाजाराकडे निघालो. गल्लीच्या तोंडाशी पोचतो तोच, टुक… टुक-टुक.

बाजारात माझा शाळेतला एक मित्र आहे. उभा जन्म घोड्यांत गेला. मी पोचलो तेव्हा तो एका गिऱ्हाइकासाठी घोडा बघत होता. मारवाडी घोडा, कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकतील असे. घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळे फिरतात, एक पुढे आणि एक मागे. मित्राने घोडा कडक जमिनीवर दुडक्या चालीने चालवायला लावला, आणि स्वतः डोळे मिटून उभा राहिला. टापा ऐकत होता. एखादा पाय दुखरा असेल तर ताल मोडतो, डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतं. मग घोड्यावर माणूस बसवला आणि पुन्हा ऐकलं. 'पाठीवर वजन आलं की वेगळं बोलतो तो,' मला म्हणाला.

नंतर मी त्याला गाडीत घेतलं, उसाचा रस प्यायला. तो माझ्या शेजारी पुढे बसला. पाच मिनिटांत, मी काहीही विचारलं नसताना, तो म्हणाला, 'मांगे काय वाजी ऱ्हायनं?'

मी गाडी बाजूला घेतली. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. सात महिन्यांत पहिल्यांदा दुसऱ्या माणसाला तो आवाज आला होता.

त्याने मला एकच प्रश्न विचारला. घोड्याचा विचारतात तोच. मागे माणूस बसल्यावर वाजते का? मी म्हटलं, ते लिहिलं नाही. माझ्या वहीत वेग होता, ऊन होतं, एसी होता. गाडीत कोण कुठे बसलंय हा रकानाच नव्हता.

तो उतरून मागे डावीकडे बसला. तोच रस्ता. आवाज बंद. पुढे आला. आवाज चालू. पुन्हा मागे, पुन्हा बंद. मग त्याने मागच्या सीटची पाठ हाताने धरून हलवली, तर ती दोरा-दोन दोरा हलत होती. पाठ जिथे कडीत अडकते त्या लोखंडी आकड्यात आणि कुलपात थोडी फट होती. माणूस टेकून बसला की वजनाने फट दाबली जायची. सीट रिकामी असली की खड्ड्यात ती पाठ आकड्यावर आपटायची. टुक.

आता बघा कसं जुळतं ते. घरचे सोबत असले की तिथे सौभाग्यवती बसलेल्या. सर्व्हिस सेंटरवाला आवाज शोधायला बसायचा तो नेमका त्याच सीटवर. जो ऐकायला जाई, तोच आवाज दाबून बसे. आणि मी एकटा असलो की आवाज मोकळा. सगळे खरं बोलत होते. मीही.

समोरच खोगीर-लगामाचं दुकान होतं. तिथून मित्राने खोगिराखाली घालतात त्या नमद्याचा बोटभर तुकडा मागून आणला आणि आकड्याला गुंडाळला. आवाज गेला तो गेलाच. नाशिकला आल्यावर सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलं. त्यांनी तो काढून व्यवस्थित फेल्टची टेप लावली, दहा मिनिटं, पैसे घेतले नाहीत. जॉबकार्डवर या वेळी दोष लिहिला.

परत येताना मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'पप्पा, मी एकदा मागे कुणी नसताना तुमच्याबरोबर यायला हवं होतं.' एवढं पुरे होतं.

आता सोसायटी येते. म्हटलं होतं, वाट चुकणार नाही.

राहुड घाट उतरताना मला दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी आठवल्या. त्या समोरच बसल्या आहेत. त्यांची काल परवानगी घेतली आहे. म्हणाल्या, सांगा, पण लांबवू नका.

2011 ते 2014 मी आपला सेक्रेटरी होतो. मावशींचे यजमान 2010 ला गेले. पुढच्या वर्षी मावशींनी लेखी तक्रार दिली, पहाटे बेडरूमच्या भिंतीत कुणीतरी ठोकतं, झोप लागत नाही. आम्ही कमिटीचे पाच जण पाहणीला गेलो. किती वाजता? संध्याकाळी सात वाजता, सगळ्यांच्या सोयीने. चहा घेतला, भिंतीला कान लावले, काही नाही. मी प्रोसिडिंगमध्ये माझ्या हाताने लिहिलं : 'प्रत्यक्ष पाहणी केली असता आवाज आढळून आला नाही. इतर कोणत्याही सभासदाची तक्रार नाही. विषय निकाली.' मावशींनी पुन्हा अर्ज दिला, पुन्हा दिला. चौथ्या वेळी आम्ही तो वाचूनही दाखवला नाही. एकटेपणामुळे होतं असं, असं आम्ही आपापसांत म्हणालो. त्यांच्या मुलीलाही तसंच सुचवलं. मुलीने त्यांना डॉक्टरांकडे नेलं, झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या. हे मला आत्ता डिसेंबरमध्ये कळलं.

2014 ला पाण्याचा पाइप बदलायचं काम निघालं. प्लंबरने मला डक्टमध्ये बोलावून दाखवलं. टाकीला जाणारा पाइप मावशींच्या भिंतीच्या मागून जातो, त्याचा क्लॅम्प तुटलेला. पहाटे महापालिकेचं पाणी यायचं, टाकी भरत आली की बॉलकॉक थरथरत बंद व्हायचा, आणि प्रत्येक धक्क्याला पाइप भिंतीवर आदळायचा. भिंतीला तिथे खोक पडली होती. संध्याकाळी सातला नळाला पाणीच नसायचं, आवाज कुठून येणार? मी क्लॅम्प बसवून घेतला. बिल पास केलं, पाइप दुरुस्ती. आणि मावशींना सांगितलं नाही. म्हटलं, आता कशाला जुनं उकरायचं.

पस्तीस वर्षं दहा पैशांचा फरक शोधणाऱ्या माणसाने ही नोंद लपवली. माझा आवाज कुणी ऐकत नव्हतं ते सात महिने. मावशींचा तीन वर्षं.

मावशी, मी तेव्हाच तुमच्याकडे यायला हवं होतं. आज सगळ्यांसमोर माफी मागतो. ते प्रोसिडिंग चुकीचं होतं.

(इथे मावशींनी जागेवरूनच उत्तर दिलं. सभागृहात अनेकांना ऐकू गेलं नाही, म्हणून लिहून ठेवतो. त्या म्हणाल्या, 'मला 2014 लाच कळलं होतं हो. आवाज थांबला होता ना.')

शेवटी नव्या कमिटीला एक विनंती करतो. तक्रार वहीत दोन रकाने वाढवा. पहिला : तक्रारदाराने सांगितलेल्या वेळी पाहणी झाली का? दुसरा : पाहणीच्या वेळी तिथे कोण होतं, आणि तक्रारदार एरवी असतो तशीच परिस्थिती होती का? दोन्ही रकाने भरल्याशिवाय 'विषय निकाली' लिहायचं नाही. पहाटे साडेचारला उठावं लागलं तर मला हाक मारा, या वयात झोप तशीही येत नाही.

दहा मिनिटांची पंधरा झाली. दिलगीर आहे. कुणाला बाजारात जायचं असेल तर गाडी खाली उभी आहे, मागची डावी सीट आता वाजत नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र.